तिसऱ्या पायरीवर

माझे वडील तीन वर्षांचे असताना त्यांना ताप आला, आणि तो उतरला तेव्हा दोन्ही पायांतलं बळ घेऊन उतरला. एवढीच ती हकीगत. आमच्या घरात ती कोणी सांगत नसे, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. सांगायचे ते बाहेरचे. त्यांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, तरी अजून कोणी ना कोणी लग्नाकार्यात भेटतं आणि माझा हात हातात घेऊन म्हणतं, "अपंग असूनही काय संसार केला हो तुमच्या वडिलांनी!" ते 'असूनही' ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. रक्तदाबाची गोळी चालू आहे, डॉक्टर म्हणतात चिडत जाऊ नका. चिडू नको तर काय करू? ज्या माणसाने मला पोहायला शिकवलं, शाळेत जाताना माझ्या दोन वेण्या घातल्या, आईपेक्षा पातळ भाकरी थापून दाखवली, त्याचं अख्खं आयुष्य हे लोक एका शब्दात आटपून टाकतात आणि वर माझ्याकडून आभाराची अपेक्षा करतात.

आम्ही वडिलांना दादा म्हणायचो, कारण वसंताकाका त्यांना दादा म्हणायचा. काका त्यांचा धाकटा भाऊ, बारा वर्षांनी लहान. आजी-आजोबा लवकर गेले, त्यामुळे तो दादांच्याच हाताखाली वाढला. घर म्हणजे पंचवटीच्या पुढे, मार्केट यार्डाच्या बाजूला आमची बौद्ध वस्ती होती, तिथल्या दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीत दादांचं दुकान. फवारणीचे पंप ते दुरुस्त करायचे. पाठीवर अडकवायचे जुने पितळी पंप असायचे त्या वेळी. निफाड, पिंपळगाव, दिंडोरी, सगळीकडचे द्राक्षवाले आणि टमाटेवाले यार्डात माल घेऊन आले की पंप आमच्याकडे टाकायचे आणि जाताना घेऊन जायचे. दुकानात खुर्ची नव्हती, बाकडंही नव्हतं. दादा गोणपाटावर बसून काम करत, त्यामुळे आलेल्या माणसाला बोलायचं असेल तर खाली बसावं लागे. दहा एकरांचा बागाईतदार असो की वाटेकरी, धोतर सावरून किंवा पँट वर ओढून बसायचा, आणि मग नोझल का गळतंय याची चर्चा चालायची. लहानपणी मला वाटायचं, जगातली सगळी महत्त्वाची बोलणी माणसं जमिनीवर बसूनच करत असणार.

घरातही सगळं जमिनीच्या उंचीवर होतं. पाण्याचा माठ, चूल आणि नंतर आलेला स्टोव्ह, आरसा, दिव्याचं बटणसुद्धा. पाहुणे आले की बटण भिंतीवर वर शोधत राहायचे आणि मी आणि शोभा, माझी धाकटी बहीण, तोंड दाबून हसायचो. सकाळी जाग यायची ती दादांच्या हातांच्या आवाजाने. तळहाताखाली धरायला त्यांनी स्वतःच लाकडाचे दोन ठोकळे करून घेतले होते, त्यांना वर चामड्याची पट्टी. गुडघ्यांना टायरचं रबर. फरशीवरून जाताना आधी टक् टक् आणि मग घस्स. ठोकळे जोरात पडले की समजायचं, रात्री आईशी काहीतरी वाजलंय. हळू पडले की कामाचा विचार चाललाय. मग पडवीतून पंपाचा दांडा हलवल्याचा आवाज, हवा भरल्याचा, आणि नोझलमधून पाणी सुटलं की फुस्स. ते पाणी दादा मुद्दाम आमच्या अंगावर उडवायचे. "उठा, फवारणी झाली!"

आई निफाडकडची. तिच्या लग्नाबद्दल वस्तीतल्या बायका हळहळून बोलायच्या, एवढी धडधाकट पोरगी, केवढा त्याग केला म्हणायच्या. एकदा नळावर कोणी तरी तिच्या तोंडावर तसं म्हणालं. आईने हंडा खाली ठेवला आणि कमरेवर हात घेतले. "त्याग करायला मी काय गाय हाय का, दावणीची सोडून दिलेली? मला हा माणूस आवडला. आमच्या गावात पंप दुरुस्त करायला आलेला, तवा त्याचं बोलणं ऐकलं, हात बघितले अन् हो म्हणलं. तुमच्या नवऱ्यांत काय बघून हो म्हणला तेवढं सांगा." त्यानंतर नळावर हा विषय निघाला नाही. आई-दादांची भांडणं मात्र जोरदार व्हायची, आणि बहुतेक मसाल्यावरून. रविवारी मटण दादा करत. कांदा निखाऱ्यात काळा होईपर्यंत भाजायचा, खोबरं वेगळं, तीळ वेगळे, आणि मग पाट्यावर वाटायचं. पाट्याला दादांचेच हात लागत, कारण त्यांच्या दंडांत आमच्या सगळ्यांच्या मिळून असेल त्याहून जास्त जोर होता. आई म्हणायची, दगडफूल जास्त झालं. दादा म्हणायचे, तुमच्या निफाडात कुठं आलंय दगडफूल. मग दोघं एकाच ताटात जेवायला बसायची. हे मी इतक्या तपशिलात सांगते आहे कारण याला संसार म्हणतात. तो 'असूनही' झाला नव्हता. तो होता.

उन्हाळ्यात दादा आम्हाला कालव्यावर न्यायचे. त्यांनी स्वतः भंगारातल्या तीन सायकली जोडून हाताने फिरवायची तीनचाकी बनवली होती, मागे आम्हा दोघींना बसायला लोखंडी कठडा, पुढे पितळी भोंगा. कालव्याच्या काठावर दादा ठोकळे काढून ठेवायचे आणि पाण्यात सरकायचे, आणि मग त्यांना बघत राहावं. पाण्यात पाय लागत नाहीत फारसे. हात लागतात. वस्तीतली तरणी पोरं त्यांच्याशी शर्यत लावायची आणि हरायची. जयंतीला विहारापुढे गाण्याचा कार्यक्रम व्हायचा, तेव्हा ढोलकी दादांची. हे सगळं वर्तमानपत्रात कधी आलं नाही. आलं ते दुसरंच, आणि त्याबद्दल मला आज लिहायचं आहे.

वसंताकाकाला दादांनी शिकवलं, बी.ए. केलं, आणि तो एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटला. पण नोकरी हंगामी होती. दर काही महिन्यांनी मुदतवाढीचा कागद निघायचा, तेव्हा घरातले सगळे श्वास धरून बसायचे. काकाचं लग्न ठरलं होतं, मुलीकडचे 'कायम झाल्यावर बघू' म्हणून थांबले होते. एका संध्याकाळी तो पडवीत येऊन बसला. दादा एका पंपाला डाग देत होते. काका बराच वेळ बूट काढून मोजे नीट करत बसला, मग म्हणाला, "दादा, आमच्या साहेबांचा एक कार्यक्रम आहे. पुढारी येणारेत. अपंगांना तीनचाकी सायकली वाटायच्यात."

"बरं आहे की," दादा म्हणाले. "वणीकडं एक मुलगी आहे, तिची आई तिला कडेवर घेऊन यार्डात येती. तिचं नाव देऊन टाक."

"तुमचं नाव दिलंय मी."

दादांनी हातातली कय्या, डाग द्यायचं ते तापलेलं लोखंड, खाली ठेवली. "माझ्याकडं गाडी आहे."

"माहीत आहे मला. पण साहेब म्हणाले, तुझा भाऊ आहे ना तसा. मी नाही कसं म्हणू? यादी वर गेली, दादा. मला कायम करायचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे."

आई आतून म्हणाली, "तसा म्हंजे कसा?" काकाने पुन्हा मोजा वर ओढला. दादा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कय्या पुन्हा उचलली आणि म्हणाले, "किती वाजता यायचं ते सांग."

कार्यक्रम दुपारचा होता, एका मैदानावर मांडव घालून. कचेरीतून निरोप आला होता की स्वतःची गाडी आणू नका. वाटपात जुनी गाडी दिसली तर बरं दिसत नाही. म्हणून काका रिक्षा घेऊन आला. आईने यायला साफ नकार दिला, शोभा तापाने पडली होती, त्यामुळे दादांबरोबर मी गेले. नववीत होते मी. दादांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मांडवात खुर्च्यांवर कचेरीतली माणसं, त्यांच्या बायका, हारतुरे. ज्यांना सायकली मिळणार होत्या त्या पंधरावीस जणांना पुढे सतरंजीवर बसवलं होतं, आणि सतरंजीवर मांडवाचं कापड पुरलं नव्हतं, नेमकं तिथंच ऊन होतं. नव्या सायकली खाली मैदानातच ओळीने उभ्या होत्या, हॅन्डलना झेंडूच्या माळा घालून. स्टेज मात्र उंच. लाकडी फळ्यांच्या सात पायऱ्या. मी मोजल्या होत्या, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं आणि भाषणं संपत नव्हती.

सगळ्यात आधी दादांचं नाव पुकारलं. साहेबांचा माणूस जवळ आला आणि म्हणाला, "चला, वर चला." दादा शांतपणे म्हणाले, "गाड्या तर खालीच उभ्या आहेत. साहेबांनाच दोन मिनिटं खाली येऊ द्या." तो म्हणाला, "असं कसं, स्टेजवरच घ्यायचंय. फोटो आहेत." दादांनी काकाकडे बघितलं. काका वाकून त्यांच्या कानाशी म्हणाला, ते मीही ऐकलं, "दादा, एवढं करा. फक्त एवढं."

दादा चढायला लागले. त्यात विशेष काही नव्हतं. बँकेच्या पायऱ्या ते चढायचे, रेशनच्या दुकानाच्या चढायचे. हात वरच्या पायरीवर टेकायचे, अंग उचलायचं, पाय मागून ओढून घ्यायचे. पण तिथे कोणी त्यांच्याकडे बघत नसे. इथे पाचशे माणसं बघत होती आणि एकदम चिडीचूप झाली होती. तिसऱ्या पायरीवर असताना फोटोवाला पुढे धावला. "थांबा, थांबा! तिथंच थांबा. साहेब, तुम्ही वरून हात द्या. असा. तुम्ही वर बघा, साहेबांकडे." दादा थांबले. त्यांनी मान वर केली. पुढाऱ्यांनी वाकून हात पुढे केला. फोटोवाल्याने बटण दाबलं, पण कॅमेऱ्याचा दिवा उडालाच नाही. त्याने कॅमेऱ्याला थाप मारली आणि म्हणाला, "उडाला नाही. परत एकदा. अहो, जरा एक पायरी खाली या, म्हणजे फोटो चढतानाचा येईल."

आणि दादा एक पायरी खाली आले.

मी हे पुष्कळदा सांगायचा प्रयत्न केला आहे, मुलांना, नवऱ्याला, एकदा शिक्षक मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात. सगळे 'अरेरे' म्हणतात. मला अरेरे नको असतो. कोणीतरी टेबलावर मूठ आपटावी असं मला वाटतं. माझे वडील, ज्यांच्यासमोर बागाईतदार मातीत बसायचे, ते एका माणसाचा दिवा उडाला नाही म्हणून एक पायरी मागे उतरले आणि पुन्हा चढले. या वेळी दिवा उडाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर त्यांच्या गळ्यात हार घातला आणि त्यांच्या हातात नव्या सायकलच्या कुलपाची किल्ली दिली. नंतर ते उतरताना कोणी पुढे आलं नाही, कारण उतरतानाचे फोटो नको होते.

दोन दिवसांनी तो फोटो पेपरात आला. खाली ओळ होती, असहाय जीवाला मायेचा हात. आमच्या शाळेत मराठीच्या बाईंनी तो पेपर वर्गात आणला. वर्गात दयेवर निबंध लिहायचा होता. बाईंनी फोटो सगळ्यांना दाखवला, मग म्हणाल्या, "आणि मुलींनो, हे कोण आहेत माहीत आहे? आपल्या नंदाचे वडील. नंदा, उभी राहा." मी उभी राहिले. बाई म्हणाल्या, समाजाने अशा दुर्दैवी लोकांना आधार दिला पाहिजे. मग त्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला सांगितल्या. पन्नास मुलींनी वाजवल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि मला त्याचीच जास्त चीड येते. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा दादा स्टोव्हपाशी बसून मेथीची भाजी परतत होते. लसणाचा वास सुटला होता. मी दप्तर फेकलं आणि जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण इतरांवर राग काढायचा आणि स्वतःला सोडायचं हे मला जमणार नाही. मी म्हणाले, "लाज नाही वाटली तुम्हाला? कुत्र्यासारखं चढलात. शीः म्हटलं की वर, शूः म्हटलं की खाली."

आई धावून आली, तिचा हात वर गेला होता. दादा म्हणाले, "मारू नको. ती विचारतीय मला." त्यांनी स्टोव्ह बारीक केला. "शाळेत काय झालं, नंदे?"

बघा, एवढं बोलल्यावरही त्यांनी आधी ते विचारलं. मी सगळं सांगितलं, उभं केलेलं, टाळ्या, निबंध. भाजी खाली लागली आणि जळली, आमच्या घरात दादांच्या हातून भाजी जळलेली मला तेवढी एकदाच आठवते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आधी शाळेच्या फाटकाबाहेर भोंगा वाजला. मी ओळखला. वाजतच राहिला. शिपाईमामा धावत गेले आणि म्हणाले, कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे, वर या. दादा म्हणाले, "मी वर येणार नाही. मोठ्या बाईंना खाली बोलवा." शिपाईमामा वर गेले, खाली आले, म्हणाले बाई कामात आहेत. दादांनी भोंगा वाजवला. वर्गांच्या खिडक्यांतून मुली लटकायला लागल्या. एक मन म्हणत होतं, जा म्हणावं यांना, अजून तमाशा नको. आणि दुसरं मन म्हणत होतं, वाजवा, अजून वाजवा. अर्ध्या तासाने मुख्याध्यापिका जिना उतरून आल्या, मागून मराठीच्या बाई. मला बोलावणं आलं होतं, म्हणून मीही फाटकाशी उभी होते.

"हा काय प्रकार आहे?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"बसा ना," दादा म्हणाले आणि फाटकाशेजारच्या कट्ट्याकडे हात केला. त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. दुकानात आलेल्या माणसाला बस म्हणावं तसं म्हणाले. मुख्याध्यापिका क्षणभर घुटमळल्या आणि खरंच बसल्या. "माझ्या मुलीला काल वर्गात उभं केलं. का?"

मराठीच्या बाई म्हणाल्या, "अहो, आमचा हेतू चांगला होता. मुलींच्या मनात दया..."

"हेतूचं मी काय करू, बाई? तो तुमच्यापाशी राहिला. माझी पोरगी उभी राहिली ती पन्नास पोरींपुढं. मी पंप दुरुस्त करतो. त्या कामाचा निबंध असंल तर तिला उभं करा, मी पंप घेऊन येतो, दाखवतो सगळ्यांना. दयेच्या निबंधाला माझं घर नाही मिळणार."

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पण तो फोटो तर तुम्हीच काढून घेतलात ना?"

दादांनी भोंग्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "हां. ते बरोबर बोललात." आणि मला म्हणाले, "बस मागं. आज शाळा पुरे."

मला इथे लिहायला आवडलं असतं की बाईंनी दुसऱ्या दिवशी वर्गात माफी मागितली. नाही मागितली. मला पुन्हा कधी उभं केलं नाही, एवढंच, आणि वर्षभर माझ्याशी जपून बोलत राहिल्या, जणू मी फुटणारी काच.

घरी जाताना चढाला दादांनी गाडी थांबवली. एरवी त्या चढाला आम्ही दोघी उतरून ढकलायचो, पण त्या दिवशी ते मला उतर म्हणाले नाहीत. हातदांड्यांवर हात तसेच ठेवून, मागे न बघता बोलायला लागले. "तू काल विचारलं ना लाज वाटली नाही का. चढायची नाही वाटली, नंदे. चढतो मी रोजच, त्यात काय. फोटोवाला म्हणला एक पायरी खाली या, अन् मी आलो. ती वाटती. वसंताचा कागद डोक्यात होता, तरी म्हणायला पाहिजे होतं, नाही येणार. तोंडात आलं होतं. गिळलं." बस येऊन गेली, धूळ बसली. "तू बोललीस ते कडक बोललीस. पण खोटं नाही बोललीस."

मी उतरून मागून गाडी ढकलायला लागले. माफी मागायची होती. ती मी त्या दिवशी मागितली नाही, आणि नंतर रोज उद्यावर ढकलली, आणि मग दादा गेले. दोष द्यायला माझ्याकडे पुष्कळ माणसं आहेत. त्यांत मीही आहे.

ती नवी सायकल पडवीत माळ सुकेपर्यंत तशीच उभी होती. दादा तिच्यावर एकदाही बसले नाहीत. तिचा दांडा इतका लांब होता की मोठ्या माणसाचा खांदाच उतरावा. दादांनी तो कापला, बैठक खाली घेतली, पाठीला टेकू लावला आणि वणीकडच्या त्या मुलीला ती देऊन टाकली. तिची आई रडायला लागली तेव्हा दादा तिच्यावर ओरडले, "रडतीस काय, चेनला तेल घालत जा!"

काही महिन्यांनी काका कायम झाला. पेढ्यांचा पुडा घेऊन आला. आई आत निघून गेली आणि भांडी आपटायला लागली. काका दादांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला, तेव्हा दादांनी त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला.

"पाया नंतर पड. मला एक सांग. मी चढत होतो, तेव्हा तू कुठं होतास?"

"तिथंच. मागं. खुर्च्यांच्या पाठीमागं."

"बघत होतास?"

काकाने हातातला पुडा खाली ठेवला. मग म्हणाला, "नाही, दादा. बघवेना."

दादांनी त्याची हनुवटी सोडली. पुड्यातून एक पेढा काढला, अर्धा खाल्ला, अर्धा त्याच्या हातावर ठेवला. "तुझ्यासाठी चढलो होतो रे," ते म्हणाले. "तू तरी बघायचं होतंस." त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही. काकाच्या लग्नात ढोलकी वाजवली, त्याच्या पोराच्या नामकरणाला धावपळ केली. दादांनी त्याला माफ केलं असावं. मी नाही केलं. दादांचा अधिकार होता माफ करण्याचा, माझा होता न करण्याचा, आणि मी तो इतकी वर्षं वापरला. सणावाराला काकाकडे गेले, जेवले, आणि मनात खुर्च्यांच्या पाठी उभा असलेला तो माणूस कधी हलू दिला नाही.

मागच्या वर्षी काकाच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू गेली. गंगापूर रोडला त्याचा फ्लॅट आहे, तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून मी गेले. त्याचा मुलगा आणि तीन जण त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिना उतरवत होते. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. माणसं उंबऱ्यात येऊन उभी राहिली, हाताची घडी घालून, चेहरे पाडून. काकाने उजव्या हाताने टॉवेल तोंडावर ओढून घेतला. मला वाटलं होतं, असं काही कधी बघायला मिळालं तर आत कुठेतरी थंड वाटेल. काही वाटलं नाही थंड. उलट तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं गेली, आणि अजून तेच जिने, तीच उभी राहिलेली माणसं.

पहिल्या मजल्याच्या वळणावर खुर्ची टेकवली, पोरं दम खात होती. समोरच्या दारात सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते, साठीचे, हातात मोबाइल. म्हणाले, "जरा असंच थांबा हं, एक फोटो घेतो. ग्रुपवर टाकतो, मुलगा किती सेवा करतो ते लोकांना दिसू दे."

मी त्यांचा हात धरून मोबाइल खाली केला. "फोटो नाही," मी म्हणाले. "हात मोकळे असतील तर खुर्ची धरा. तो डावा पाय धरा. धरा!"

आवाज फार चढला होता माझा. सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं, मोबाइल खिशात टाकला, चपला काढल्या आणि वाकून खुर्चीचा पाय धरला. खुर्ची उचलली गेली. काकाच्या तोंडावरचा टॉवेल घसरून मांडीवर पडला आणि तो त्याने पुन्हा उचलला नाही. मी त्यांच्या पुढे होते. गुडघे कुरकुरत होते, कठडा धरला होता, तरी मी पाठ फिरवली नाही. उरलेला जिना मी उलटी उतरले, त्याच्या तोंडाकडे बघत, पार खाली रस्त्यावर येईपर्यंत.